फिरत्या घरालाही उपग्रह-इंटरनेट मिळावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या इंटरनेटविषयी आपल्या दैनिकात अलीकडे जे लेख आणि बातम्या प्रसिद्ध झाल्या, त्या मी आवर्जून वाचल्या. दुर्गम खेड्यांतील शाळा आणि आरोग्यकेंद्रे यांचा विचार त्यांत होता आणि तो योग्यच आहे. परंतु ज्याचे घर काही काळ चाकांवर असते, त्या माणसाचा उल्लेख मला कुठे आढळला नाही. तो केवळ हौशी पर्यटक असतो असे समजून त्याला बाजूला सारणे बरोबर नाही. या सेवेचे दर आणि अटी ठरवताना त्याचाही विचार व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत वर्षातील बराच काळ आरव्हीमध्ये, म्हणजे स्वयंपाकघर, झोपण्याची जागा आणि न्हाणीघर असलेल्या मोठ्या गाडीत राहतात. जावयांचे काम संगणकावरचे आहे आणि सहकाऱ्यांशी रोज समोरासमोर बोलल्याशिवाय ते होत नाही. मे २०२२ मध्ये स्पेसएक्स कंपनीने तिथे अशा गाड्यांसाठी स्टारलिंक या आपल्या उपग्रह-इंटरनेट सेवेची स्वतंत्र योजना काढली, जिला पुढे ‘रोम’ हे नाव मिळाले. ग्राहकाला ज्या महिन्यांत सेवा नको असेल, त्या महिन्यांत ती थांबवता येत असे. या सवलतीच्या बदल्यात, एखाद्या भागात ग्राहकांची गर्दी झाली की आधी स्थिर पत्त्याच्या ग्राहकांना वेग मिळे आणि उरलेला फिरत्यांना. मला ही विभागणी न्याय्य वाटते.

त्यांच्याकडे मुक्कामाला असताना हे सारे जवळून पाहता आले. गाडी मुक्कामी पोहोचली की जावई आधी मोबाइल आकाशाकडे धरून हळूहळू फिरवत आणि कोणत्या बाजूला झाड आड येते ते ॲपमध्ये पाहत. एका ठिकाणी पाइनची झाडे इतकी दाट होती, की अँटेना छतावर न ठेवता तिपाईवर लावून, लांब केबल ओढून, पलीकडच्या मोकळ्या जागेत न्यावी लागली. तिथे नेल्यावर मात्र त्यांची बैठक एकदाही न तुटता पार पडली.

झाडाचा एवढा अडसर का होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीवरून पाहताना एकाच जागी स्थिर दिसतात. त्यांच्याकडे अँटेना एकदा रोखून धरली की काम भागते. पण संदेश वर जाऊन खाली येणे आणि त्याचे उत्तर त्याच वाटेने परतणे यात सुमारे अर्धा सेकंद जातो, त्यामुळे बोलताना दोन्हीकडची वाक्ये एकमेकांवर आदळतात. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथे हा विलंब बहुधा २५ ते ५० मिलिसेकंदांवर येतो, म्हणजे तो बोलणाऱ्याला जाणवतही नाही. मात्र एकेक उपग्रह काही मिनिटांतच डोक्यावरून निघून जातो आणि अँटेनाला सतत पुढचा उपग्रह पकडावा लागतो. आकाशाचा एखादा तुकडा फांदीने झाकलेला असेल, तर उपग्रह त्या तुकड्यात शिरताच जोडणी काही क्षण तुटते. ईमेलला त्याने काही होत नाही. डॉक्टरांशी चाललेला व्हिडिओ कॉल मात्र तिथेच अडकतो.

विजेचा हिशेबही असाच आधी मांडायला हवा. नेहमीच्या आकाराच्या अँटेनाला सरासरी ७५ ते १०० वॅट लागतात, म्हणजे ती दिवसरात्र चालू ठेवली तर सुमारे दोन युनिट वीज खर्च होते. आपल्या घरोघरी इन्व्हर्टरला असते तशी १५० अँपिअर-अवरची बॅटरी तिच्या आयुष्याची काळजी घेत अर्धीच वापरायची म्हटले, तर एवढ्या खर्चाला ती आठ-दहा तासही जेमतेम पुरेल. २०२४ मध्ये आलेल्या लहान ‘मिनी’ अँटेनाला २५ ते ४० वॅट पुरतात आणि ती बॅटरीच्या डीसी प्रवाहावर थेट चालत असल्याने इन्व्हर्टरमधली गळतीही वाचते. गाडीच्या छतावर सौर पॅनेल असलेल्या कुटुंबाला हे सहज झेपते.

आता आपल्या भागाकडे वळतो. वाहनाने नर्मदा परिक्रमा करणारी मराठी मंडळी आपल्या ओळखीत नाहीत, असे इंदूरमध्ये क्वचितच कोणाला म्हणता येईल. स्वयंपाकाचे सामान आणि अंथरुणे बरोबर घेऊन, मिनी बसमध्ये वयस्क माणसे बसवून हे जथे ओंकारेश्वरहून निघतात, आणि बडवानीच्या पुढे शूलपाणीच्या झाडीच्या पट्ट्यात मोबाइलची रेंज बेभरवशाची होते. कुणाला मधुमेह असतो, कुणाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली असते. मुले पुण्यात किंवा परदेशात चिंतेत असतात. सेंधव्याचा घाट उतरून धुळ्यामार्गे कुलदैवताला जाणारी कुटुंबे वेगळीच. त्यांच्यात आता घरून काम करणारे तरुणही असतात आणि चार दिवस संपर्क तुटणार म्हणून तेच मागे राहतात. गाडीबरोबर चालणारी जोडणी मिळाली, तर आजीला गाडीत बसल्या जागी ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवर डॉक्टरांचा सल्ला घेता येईल आणि नातवाला आपले काम सांभाळून तिच्यासोबत जाता येईल. मला या विषयाची तळमळ वाटते ती यासाठी. इंदूर शहरात फायबर आणि फाइव्ह-जी असताना छतावर उपग्रहाची अँटेना लावण्याची गरज थोड्यांनाच पडेल. शहर सोडल्यावरच तिची खरी किंमत कळते.

आपल्या हवामानात एक अडचण मात्र अमेरिकेतल्यापेक्षा मोठी राहील. निमाडच्या वैशाखात गाडी उभी करायची तर माणूस चिंचेची किंवा कडुनिंबाची सावली शोधणार, आणि अँटेनाला हवे मोकळे आकाश. शिवाय ही यंत्रे साधारण ५० अंश तापमानापर्यंत चालतील अशी बनवलेली असतात. तापलेला पत्रा त्याहून कितीतरी गरम होतो. म्हणून छतावर कायमची ठोकून बसवलेली अँटेना घेण्याचा आग्रह कोणी धरू नये. काढता-घालता येणारी अँटेना आणि लांब केबल हाच आपल्याकडे व्यवहार्य मार्ग आहे. आषाढातील मुसळधार पावसात वेग उतरेल, तेही गृहीत धरावे.

कायद्याची बाजू मी थोडी सविस्तर मांडतो, कारण तिथेच स्पष्टता हवी आहे. दूरसंचार कायदा २०२३ नुसार उपग्रहसेवांसाठी स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्याचा, लिलाव न होता तो प्रशासकीय पद्धतीने, म्हणजे सरकारकडून थेट, दिला जातो. वनवेब ही उपग्रह-इंटरनेट कंपनी आणि जिओची उपग्रह कंपनी यांना परवाने आधीच मिळाले होते. स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये आणि अंतराळ क्षेत्रातील खासगी कंपन्यांना मान्यता देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची मान्यता त्याच वर्षी जुलैमध्ये मिळाली. मे २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, केलेल्या शिफारशींत कंपन्यांनी समायोजित सकल महसुलाच्या (ठरावीक वजावटींनंतरच्या उत्पन्नाच्या) ४ टक्के शुल्क द्यावे आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला आणखी ५०० रुपये भरावेत, असे सुचवले होते. ग्रामीण ग्राहकासाठी हा जादा भार नव्हता. अशा विभागणीत माझ्यासारख्याचे काय होईल? आधार कार्डावर पत्ता इंदूरच्या सुदामानगरचा, आणि अँटेना चालणार अलीराजपूरच्या माळावर. पत्ता पाहून मला शहरी ठरवले, तर ज्या कारणासाठी ग्रामीण सूट ठेवली तेच कारण बाजूला पडेल. वाहनासाठी घेतलेल्या जोडणीला ग्रामीण दरच लागू व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरक्षेचा मुद्दा मी हलका मानत नाही. प्रत्येक अँटेना कुठे आहे हे शासनाला कळलेच पाहिजे, आणि ते अवघडही नाही, कारण अँटेनाचे ठिकाण कळल्याशिवाय उपग्रहाला तिच्याशी संपर्क राखता येत नाही. सीमावर्ती भागात सेवा बंद ठेवावी लागली, तर प्रवाशाने ती अट मान्य करावी. विमाने आणि जहाजे यांतील इंटरनेटसाठी आपल्याकडे २०१८ मध्ये स्वतंत्र नियम झाले. रस्त्यावरील वाहनातून ही सेवा वापरू इच्छिणाऱ्या सामान्य कुटुंबालाही तितकेच सुस्पष्ट उत्तर, आणि तेही त्याला समजेल अशा भाषेत, मिळायला हवे.

याच संदर्भात वाचकांना एक कळकळीची विनंती. परदेशातील नातेवाइकाकडून अँटेना मागवून ती इथे वापरण्याचा विचार मनात आणू नये. परवानगीशिवाय असे उपकरण बाळगणे आणि वापरणे हा आपल्याकडे गुन्हा ठरतो, आणि धार्मिक यात्रेला निघालेल्या ज्येष्ठांवर पोलीस चौकशीचा प्रसंग यावा हे कोणालाच नको आहे. नोव्हेंबर २०२१ मध्येही, स्टारलिंककडे तेव्हा परवाना नसल्याने तिच्याकडे आगाऊ नोंदणी करू नये, असे सरकारने जाहीरपणे बजावले होते.

पर्यटन खात्यांनाही यात करण्यासारखे बरेच आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतून होणाऱ्या, पर्यटनाचे धोरण आणले आणि केरळनेही त्याच वर्षी तसा पुढाकार घेतला. मध्य प्रदेशात मांडू, महेश्वर, पचमढी यांसारख्या ठिकाणी कॅरॅव्हॅनसाठी जागा राखताना विजेची जोडणी द्यावी आणि काही जागा झाडांपासून दूर, उत्तरेकडे आकाश मोकळे असेल अशा ठेवाव्यात. भारतासारख्या अक्षांशावरून स्टारलिंकचे बरेच उपग्रह उत्तरेच्या बाजूला दिसतात, म्हणून ती दिशा मोकळी हवी. त्याला फारसा खर्च नाही. आराखडा काढतानाच एवढे ध्यानात ठेवावे लागते.

ट्राय आपल्या प्रस्तावांवर जनतेच्या सूचना मागवते, पण ती कागदपत्रे बहुधा इंग्रजीत असतात आणि मुदत संपल्यावरच आपल्याला कळते. तेव्हा उपग्रहसेवेच्या दरांविषयी किंवा फिरत्या अँटेनांविषयी पुढचा प्रस्ताव निघेल, तेव्हा त्यातील मुख्य प्रश्न आणि सूचना पाठवण्याची शेवटची तारीख आपण मराठीत ठळकपणे छापावी, ही विनंती. माझ्या परिचयातील परिक्रमावासी मंडळी आपले म्हणणे लिहून पाठवायला तयार आहेत.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक
सुदामानगर, इंदूर