सही शिकवली, आता कागद वाचायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत कोडिंग शिकवा, एआय शिकवा, असा सूर सध्या जिकडेतिकडे ऐकू येतो. शिकवा ना, कोण नको म्हणतंय! पण मी रावेर तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, केवायसी हीच रोजची कामं. समोर बसणाऱ्यांत पदवीधरही बरेच असतात आणि मोबाइल ते माझ्यापेक्षा भराभर चालवतात. अडतं ते कागदापाशी.

आमच्या आजोबांच्या पिढीकडून मास्तर पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, अडीचचे पाढे घोकून घेत. त्याला कारण होतं. रुपयाचे आणे १६, मणाचे शेर ४०. सव्वातीन मण कापसाचे पैसे तोंडी काढता आले नाहीत, तर व्यापारी सांगेल तोच आकडा खरा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो-क्विंटल आले आणि सवायकीची गरज ओसरली. मोडी लिपी तर त्याआधीच मागे पडत चालली होती.

हाताच्या कामाचंही तसंच. १९३६ साली आमच्या शेजारच्या फैजपूरला काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन भरलं आणि पुढच्याच वर्षी वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, ही कल्पना मांडली. शाळेत तकली, चरखा आला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) त्याला कार्यानुभव म्हटलं. आमच्या वाट्याला तो आला तेव्हा प्रदर्शनापुरती थर्माकोलची वस्तू उरली होती, तीही बहुतेकांच्या घरी ताईनेच केलेली.

आणखी एक गंमत पाहा. साक्षरता वर्गांनी इतकी वर्षं धडपड केली ती माणसाचा अंगठा सुटून सही यावी म्हणून. आज रेशनपासून बँकेपर्यंत पदवीधरसुद्धा मशीनवर अंगठाच ठेवतो. फरक एवढाच की, पूर्वीचा अंगठेबहाद्दर आधी चारदा विचारायचा, 'भाऊ, यात लिहिलंय काय?' आताचा विचारत नाही. ओटीपी सांगून मोकळा होतो.

परवा एक बीकॉम झालेला मुलगा ॲपवरून घेतलेल्या कर्जाची प्रिंट काढायला आला. व्याज किती, तर म्हणे दोन टक्के. महिन्याला की वर्षाला? त्याने मोबाइल माझ्याच हातात दिला. महिन्याला होतं. म्हणजे दहा हजारांवर वर्षाचे २,४०० रुपये, शिवाय प्रक्रिया शुल्क आधीच कापून घेतलेलं. चक्रवाढ व्याजाची गणितं त्याने परीक्षेत सोडवली असणार. 'दरमहा' हा शब्द मात्र त्याने पाहिलाच नव्हता. त्याच्याबरोबर आलेले नाना सातवी शिकलेले. त्यांनी हिशेब ऐकताच कपाळाला हात लावला, कारण सावकाराचं 'शेकडा दोन' महिन्याचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक.

विम्याची कथा निराळी नाही. गारपीट झाली तर ७२ तासांच्या आत कळवायचं असतं. पाचव्या दिवशी माणसं फोटो घेऊन येतात. ई-पीक पाहणीत, म्हणजे सरकारी ॲपवर, पीक नोंदवायचं राहतं, मग चकरा सुरू. घरात कॉलेजला जाणारी पोरं असून ही गत, मग दोष एकट्या शेतकऱ्याला कसा द्यावा?

यासाठी नवा विषय नको, नवं पुस्तक तर मुळीच नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम शिकण्यासाठी. त्यातले दोन दिवस कागदांना द्यावेत. मुलांनी घरून केळी-कापसाची हिशेबपट्टी, पासबुक, विम्याची पावती, विजेचं बिल आणावं. शिक्षकांनी एवढंच विचारावं : कापलेले पैसे कशाचे, मुदत कोणती, सही कोणाची? बारीक अक्षरातला मजकूर मोठ्याने वाचून घ्यावा. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी येत्या जूनपासून निदान रावेर-यावल भागातल्या काही शाळांत हे करून पाहावं. कागद समजावून सांगायला आमच्यासारखे केंद्रचालक फुकट येतील.

– एक सेवा केंद्रचालक, ता. रावेर, जि. जळगाव