पटाश्या वापरणाऱ्या सभासदांसाठी सूचना

कार्यशाळेच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सामाईक पेटीतील पटाश्या (लाकूड तासण्याची सपाट पात्याची हत्यारे) वापरून झाल्यावर पुसून आणि तेलाचा हात फिरवूनच परत ठेवाव्यात. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत ओल्या बोटाचा ठसासुद्धा लगेच गंज धरतो. गेल्या आठवड्यात पाऊण इंची पटाशीचे टोक निळे पडलेले आढळले. ग्राइंडरवर पाते तापून असा रंग आला, की पोलादाचे पाणी (कडकपणा) उतरते आणि मग कितीही घासले तरी धार टिकत नाही, म्हणून पाते वारंवार पाण्यात बुडवून गार करावे आणि शेवटची धार दगडावर हातानेच काढावी. धारेचा उतार साधारण २५ अंशांचा ठेवून अगदी टोकाला ३० अंश द्यावेत. सपाट पाठ मात्र दगडावर पूर्ण टेकवूनच घासावी, कारण ती जराशी उचलली तरी पटाशी सरळ चालत नाही. लाकडी मुठीवर लोखंडी हातोडा न मारता मोगरीच (लाकडी हातोडा) वापरावी. रंगाचे डबे पटाशीने उघडू नयेत, त्यासाठी जुना स्क्रूड्रायव्हर खुंटीला टांगलेला आहे, हे पुन्हा लिहावे लागते याचा खेद वाटतो. तासताना लाकूड वाइसमध्ये (शिकंज्यात) आवळावे आणि दोन्ही हात धारेच्या मागेच ठेवावेत.

– कार्यशाळा व्यवस्थापक, कोल्हापूर