मामा, सतरा नंबरवर अजून 'गरुड'च आहे

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

मराठी बोलायला येतं, वाचायला वेळ लागतो, असं तुम्हीच म्हणाला होता. म्हणून हे पत्र तुमच्या नातवाने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण चिकोडीत तुमच्या दुकानात उभं राहून मला धड आभारही मानता आले नाहीत. घसा दाटून आला होता, निपाणीची बस सुटायला आली होती, आणि तुम्ही तर मान वर न करता पुढच्या गिऱ्हाइकाचा मिक्सर उघडायला घेतला होता.

आठवतंय ना मी कोण? पिशवीतून पिवळं पडलेलं टीव्ही गेमचं यंत्र, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि दोन कॅसेट काढून तुमच्या काउंटरवर ठेवणारी. तुम्ही मला 'अक्का' म्हणालात, बसायला स्टूल दिलंत आणि यंत्राला हात लावायच्या आधी कॅसेट उचलून उजेडात धरलीत. माझ्यासाठी सगळं तिथेच घडलं. पण ते नीट सांगायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल, कारण यंत्र कशासाठी चालू करायचंय हे तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत.

व्हिडिओ गेमच्या इतिहासावर इंटरनेटवर ढीगभर व्हिडिओ आहेत. मी ते वर्षानुवर्षं बघत आले. बहुतेकांत गोष्ट तीच असते. १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीचं फॅमिकॉम हे टीव्ही गेमचं यंत्र आलं, त्याच सुमारास अमेरिकेत गेमचा धंदा बसला, मग १९८५ मध्ये तेच यंत्र नवं रूप घेऊन तिकडे गेलं आणि धंदा पुन्हा उभा राहिला. सगळं खरं आहे. पण त्या गोष्टीत निपाणी नाही, चिकोडी नाही, बेळगाव नाही. आमच्यापर्यंत आली ती फॅमिकॉमची नक्कल, आणि तीही १९९० नंतर. तेच गेम, तशीच ६० पिनांची कॅसेट, आत मूळच्या चिपांच्या जागी डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका. आमच्या घरी ते यंत्र १९९६ च्या दिवाळीत आलं. आई विड्या वळायची. हजार विड्यांमागे जी मजुरी मिळेल ती, आणि वर्षातून एकदा बोनस. त्या बोनसमधून दादाने कोल्हापुरात महाद्वार रोडवरून ते आणलं आणि एसटीत अख्खी वाट मांडीवर घेऊन बसला.

आज मी एका पतसंस्थेत कामाला आहे. रात्री जेवणं आवरली की असे इतिहासाचे व्हिडिओ करणाऱ्या एका लहानशा गटाला मदत करते. कधी जुन्या जाहिराती शोधायच्या, कधी मराठी सबटायटल लिहायची, कधी जुन्या यंत्रावर गेम चालवून चित्रण करून द्यायचं. यातून पैसे मिळत नाहीत आणि मला नकोतही. आपल्या भागातली पोरं काय खेळली, कशी खेळली, हे कुठेतरी राहावं एवढीच इच्छा आहे. गेल्या वर्षी ठरलं की पुढचा व्हिडिओ या नकली यंत्रांवर करायचा. मी लगेच म्हणाले, आमच्याकडे आहे, खरं आहे, डब्यासकट आहे. माळ्यावरून काढलं, लावलं, तर दिवासुद्धा लागेना.

तुमच्याकडे यायच्या आधी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते, मामा. नावं घेत नाही. एका मोठ्या शहरातल्या चकचकीत दुकानात काचेपलीकडच्या मुलाने यंत्र हातातसुद्धा घेतलं नाही. "मॅडम, हे भंगारात घाला, मोबाईलवर फुकट मिळतात हे गेम," म्हणाला. ते मी सहन केलं. दुसऱ्या ठिकाणचं मात्र अजून सहन होत नाही. तिथे यंत्र दोन महिने पडून राहिलं. परत मिळालं तेव्हा चालत तर नव्हतंच, पण सोबत दिलेली कॅसेट लखलखीत झाली होती. थिनरने पुसून काढली होती. "नव्यासारखी करून दिली बघा," असं कौतुकाने सांगितलं मला. त्या कॅसेटवर दादाच्या हाताने लिहिलेलं होतं. आता तिच्यावर काही नाही. नुसतं काळं प्लास्टिक. मी तिथे काही बोलले नाही, रिक्षात बसल्यावर रडले.

दादा जाऊन आता पाच वर्षं झाली.

उरलेली कॅसेट तुम्ही उजेडात धरलीत ती ही. तिच्या स्टिकरवर '९९९९९९९ इन १' असं छापलंय. खरे गेम मोजकेच, बाकी आकडे फिरून फिरून तेच. पडद्यावरची यादी इंग्रजीत, आणि आम्हाला तेव्हा इंग्रजी कुठलं येतंय? म्हणून दादाने कॅसेटच्या पाठीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावली आणि निळ्या बॉलपेनने बारीक अक्षरात आमची नावं लिहिली. ३ – माकड. ८ – बर्फ फोडा. ११ – जत्रा. १२ – बदक, बंदूक घेणे. १७ – गरुड, आईचा. आणि पंचविसाच्या खाली एक लांब रेघ ओढून 'पुढे परत तेच.'

सतरा नंबर म्हणजे सगळी दुनिया ज्याला बॅटल सिटी म्हणते तो नामको या जपानी कंपनीचा १९८५ चा रणगाड्यांचा खेळ. खाली मधोमध विटांच्या भिंतीत एक गरुड बसलेला असतो, शत्रूचे रणगाडे वरून येतात, गरुडाला गोळी लागली की खेळ संपला. आई मांडीवर सूप घेऊन पानं कातरत बसायची. खेळ तिने कधी हातात घेतला नाही, पण नजर पडद्यावर. "अरं, त्या पाखराला वाचवा रे!" हात चालूच, पान, तंबाखू, दोरा, आणि मध्येच ओरडायची, "डावीकडनं आला बघ!" म्हणून तो आईचा गरुड.

तुम्ही ते सगळं सावकाश वाचलंत. मग विचारलंत, "हे कुणाचं अक्षर, अक्का?"

मी म्हटलं, "भाऊ लिहायचा."

एवढंच. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. हातातला फडका बाजूला ठेवलात. ड्रॉवरमधून एक जुनी एक्स-रेची फिल्म काढलीत, कॅसेटच्या पाठीवर ठेवून पेन्सिलीने माप घेतलंत, कातरीने कापलीत, कोपरे गोल केलेत. ती पट्टीवर ठेवून फक्त कडेकडेने टेप लावलीत. मी विचारायच्या आधीच सांगितलंत, "टेप अक्षरावर लावायची नाही. डिंक शाईला धरतो. उद्या काढायला गेलं तर शाई वर येते." मग बोटाने दाबून बघितलंत की धूळ कुठून शिरत नाही ना. आणि त्यानंतरच कॅसेटच्या पिना पुसायला घेतल्यात.

मामा, तुम्हाला ही गोष्ट आठवणारही नाही कदाचित. दोन मिनिटांचं काम. त्याचे पैसे तुम्ही लावले नाहीत, बिलावर ते कुठे आलंही नाही. पण मी महिनाभर उराशी धरून बसलेली भीती त्या दोन मिनिटांत उतरली. यंत्र चालू झालं नसतं तरी मी हे पत्र लिहिलं असतं.

यंत्राचं तुम्ही काय काय बदललंत ते मला अर्धंमुर्धंच कळलं. "नोडोण्री, आग्तैति," म्हणजे बघूया, होईल, असं कानडीत म्हणालात आणि आठ दिवसांनी फोन आला, या म्हणून. मी आले तर तुम्ही मागच्या खोलीतला जुना जाड टीव्ही पुढे आणून ठेवला होता. मी मागितला नव्हता. बंदूक बघूनच तुम्ही ओळखलं होतंत. तो बदकांचा खेळ घरच्या नव्या चपट्या टीव्हीवर चालत नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला डोळा तेवढाच उजेड शोधतो. चपट्या टीव्हीवर चित्र जरा उशिरा उमटतं, तोवर बंदुकीची वेळ निघून जाते. कित्येक वर्षांनी मी बदक पाडलं ते तुमच्या दुकानात, आणि काउंटरपाशी उभ्या असलेल्या दोन अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मग मारिओ लावला आणि मी गप्प झाले, ते तुम्ही बघितलंत. त्याचं कारण तेव्हा सांगता आलं नाही. जपानी-अमेरिकी टीव्हीवर चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर ५० वेळा. गेमची चाल त्या चित्राशी बांधलेली, म्हणून आमच्या यंत्रावर मारिओ साधारण सहाव्या हिश्श्याने सावकाश पळायचा आणि त्याचं गाणंही सावकाश वाजायचं. दादा ते गाणं शिट्टीवर वाजवायचा, सायकल काढताना, विहिरीवर, कुठेही. परदेशी व्हिडिओत मी ते ऐकायची तेव्हा दर वेळी वाटायचं की याला कसली घाई झालीय? चुकतंय काहीतरी. मग म्हणायची, इतकी वर्षं झाली, आपल्याच कानात गडबड झाली असेल. तुमच्या टीव्हीवर ते वाजलं आणि ते दादाच्या शिट्टीच्या चालीत होतं. माझ्या कानांत काही चुकलं नव्हतं.

तीन तास मी चित्रण करत बसले. जेवणाची वेळ झाली, शेजारच्या दुकानांची शटरं अर्धी खाली आली. तुम्ही घरून डबा मागवलात आणि अर्धी भाकरी, वांग्याची भाजी माझ्यापुढे सरकवलीत. खाताखाता टीव्हीकडे बघून म्हणालात, तुमची पोरं याला 'कोटे आटा' म्हणायची. किल्ल्याचा खेळ. मी तोंडातला घास तसाच ठेवून वहीत लिहून घेतलं. मामा, निपाणी ते चिकोडी पंचवीसेक किलोमीटर. एकाच खेळात आमच्या घराने पाखरू बघितलं आणि तुमच्या घराने त्याच्याभोवतीच्या विटा. जपानमधल्या ज्या लोकांनी तो गेम केला त्यांना हे ठाऊक नसणार. कुठल्या व्हिडिओतही हे नव्हतं. आता आहे.

आपल्या सीमाभागात पाटीवर कुठलं अक्षर वर आणि कुठलं खाली यावरून काय काय होतं ते तुम्हीही बघितलंय, मीही. माझ्या घरच्यांनी त्यासाठी मोर्चे काढलेत आणि त्यांचं दुःख खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण कानडीत विचार करणाऱ्या एका माणसाने माझ्या भावाची मराठी ओळ डिंकापासून वाचवली, हेही तितकंच खरं आहे आणि मला तेही मोठ्याने सांगायचंय. हातात कला असलेली माणसं पुष्कळ भेटतात. त्या थिनरवाल्याच्याही हातात कला असेलच. पण समोर आलेली वस्तू कुणाची तरी आहे, तिच्यावर कुणाचा तरी हात फिरलाय, हे बघून मगच हात लावणारी माणसं फार थोडी. माझी आजी अशा माणसाला 'जाणता' म्हणायची. शिकलेला नव्हे, हुशार नव्हे, जाणता.

व्हिडिओ झाला. शेवटी नावं येतात तिथे तुमचं नाव घालायला तुम्ही फोनवर नको म्हणालात, म्हणून 'चिकोडीचे टीव्हीवाले मामा' एवढंच घातलंय. कॅसेटमधला गेमही आम्ही संगणकावर उतरवून ठेवलाय. गटातले एकजण म्हणाले, आता फाईल मिळाली, कॅसेट जपली नाही तरी चालेल. मी त्यांना पट्टीचा फोटो पाठवला. एक्स-रेच्या फिल्मखालून अक्षर जरा धुरकट दिसतं, कोपऱ्यात कुणाच्या तरी बरगडीची फिकट रेघ येते, पण सतरा नंबरवर 'गरुड, आईचा' स्पष्ट वाचता येतं. आता व्हिडिओत तो फोटो पूर्ण पडदाभर आहे.

आईला सगळं सांगितलं. तिला आता कमी दिसतं, विड्या सोडून बरीच वर्षं झाली. यंत्र घरी लावलं तर टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "त्या मामांच्या नातवाला येतो काय गं हा खेळ?" मी म्हटलं विचारते. तेव्हा पुढच्या महिन्यात मी यंत्र घेऊन चिकोडीला येतेय, ती फिल्म लावलेली कॅसेटही आणतेय. जाड टीव्ही तेवढा विकू नका. नातवाला सांगा, डावीकडून येणाऱ्यावर लक्ष ठेव.

तुमची,
निपाणीची अक्का