निर्वासित भगिनींच्या हस्तकला उद्योगासाठी मदतीचे आवाहन

सर्व ग्रामस्थांना आणि नोकरी-व्यवसायानिमित्त बाहेरगावी असलेल्या आपल्या तालुक्यातील मंडळींना सप्रेम नमस्कार.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात देश सोडून आलेल्या दोन समाजांची वस्ती आहे, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. पूर्व पाकिस्तानात १९६४ साली उसळलेल्या दंगलींनंतर सीमा ओलांडून आलेली हजारो कुटुंबे रायपूरजवळच्या माना छावणीत राहिली आणि तिथून ज्या जंगलपट्ट्यांत वसवली गेली, त्यांत तेव्हाच्या चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांचाही भाग होता. अरुणनगर, गौरनगर, संजयनगर ही आपल्या तालुक्यातली बंगाली गावे सर्वांच्या परिचयाची आहेत. दुसरीकडे, गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून आहे. त्यांच्या शेतातले धान आपण खातो, दुर्गापूजेच्या मंडपात प्रसाद घेतो, थंडीत त्यांच्याकडून स्वेटर घेतो. मात्र या घरांतल्या बायकांच्या हातात काय आहे, याची चौकशी बचत गटांच्या आमच्या महिला ग्रामसंघानेही फार उशिरा केली, हे आधीच कबूल केलेले बरे.

निमित्त अगदी साधे घडले. बचत गटाच्या मासिक बैठकीला एक बंगाली मासी आपल्या नातवाला घेऊन आल्या होत्या आणि त्या बाळाखाली अंथरलेले फडके आमच्यापैकी एकीने सहज उलटून पाहिले. जुन्या सुती साड्यांचे तीन थर एकावर एक, मधोमध कमळ, चारी कोपऱ्यांत कोयरी आणि मधल्या साऱ्या मोकळ्या जागेत इतका बारीक धावदोरा की कापडावर तळ्यातल्या पाण्यासारख्या लहरी उठलेल्या. दोराही विकत घेतलेला नव्हता. साडीच्या काठातून एकेक धागा ओढून काढलेला होता. यालाच कांथा म्हणतात. आपल्या आज्या-पणज्या गोधडीला घालत आल्या तोच हा धावदोरा. फरक इतकाच की गोधडीत टाका थर धरून ठेवण्याचे काम करतो, आणि कांथ्यात ते काम करता करता चित्रही काढतो. बैठकीचा विषय त्या दिवशी बाजूला राहिला.

आज ग्रामपंचायतीने दिलेल्या जुन्या गोदामाच्या खोलीत ३१ जणी दुपारी काम करतात. त्यांत १९ बंगाली, ७ तिबेटी आणि ५ आपल्या झाडीपट्टीतल्या आहेत. तिबेटी भगिनी आमच्या गटांच्या सदस्य नाहीत, कामातल्या भागीदार आहेत. त्यांच्यात विवाहित स्त्रिया कमरेला पुढच्या बाजूने रंगीत आडव्या पट्ट्यांचे वस्त्र बांधतात, त्याला पांगदेन म्हणतात. लोकरीच्या तीन अरुंद पट्ट्या विणून त्या शेजारी शेजारी जोडायच्या, अशी त्याची रीत. जोडताना रेषा मुद्दाम थोड्या वरखाली ठेवतात, आणि त्या चुकल्यासारख्या दिसणाऱ्या रेषांतच त्याची शोभा असते. परंतु वसाहतीतल्या बहुतेक घरांचा हिवाळा शहरोशहरी तयार स्वेटर विकण्यात जातो, त्यामुळे माग जाणणाऱ्या बायका आता उतारवयाच्याच उरल्या आहेत. त्या शिकवायला तयार आहेत. दोन तरुण मुली शिकत आहेत, आणि पांगदेनच्या पट्ट्यांपासून पिशव्या व उशांचे अभ्रे करण्याची कल्पना त्यांचीच.

सुरुवात मात्र आम्ही वाईट केली. पहिल्या वर्षी स्वस्त पडतो म्हणून आठवडी बाजारातला लाल दोरा घेतला. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग पांढऱ्या कापडावर उतरला आणि २२ अभ्रे परत आले. त्यानंतर एका व्यापाऱ्याने ४० नग उधारीवर नेले. पैसे आठ महिन्यांनी आले, तेही डाग असल्याचे सांगून कापून. त्या बायकांनी रोवणीची मजुरी बुडवून ते काम केले होते. आता प्रत्येक रंगाचा दोरा आधी गरम पाण्यात बुडवून पाहिला जातो आणि उधारीवर एकही नग दिला जात नाही. मात्र उधारी बंद केली की माल आपल्याच घरात पडून राहतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

ही अडचण थोडी सविस्तर सांगतो. बारीक भरलेली कांथ्याची साडी पूर्ण व्हायला चार ते सहा महिने लागतात. जुलैत रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता. या साऱ्यातून उरलेल्या दुपारीच सुई हातात येते. साडी विकली जाईपर्यंत कापडाचे, दोऱ्याचे आणि मुख्य म्हणजे मजुरीचे पैसे कोणीतरी अडकवून ठेवले पाहिजेत. घरात तेवढी शिल्लक नसते म्हणून बाई जवळच्या व्यापाऱ्याकडून कापड घेते, त्याच्या नक्षीवर टाके घालते आणि टाक्यांच्या हिशोबाने मिळेल ते पैसे घेते. अशा व्यवस्थेत ती कारागीरही राहत नाही आणि उद्योजकही होत नाही. आपल्याच कलेवर ती रोजंदारी करते.

आमचा विचार कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीच्या बाजूला ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवतात आणि भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावचे विणकर कोशाचे कापड विणतात. कोलकात्याच्या बाजारात कोशावर केलेल्या कांथ्याला सुती कापडापेक्षा कितीतरी अधिक भाव मिळतो. कापड आपल्या शेजारचे आणि टाका आपल्या गावातला, असे असताना हे दोन्ही एकत्र आणून ओढणी, उपरणे आणि साडी का करू नये? नमुन्यादाखल केलेल्या चार ओढण्या पाहणाऱ्यांनी जागेवरच घेतल्या. पाचवी करायला कापड उरले नाही.

सरकारी योजना आहेत, मग लोकांकडे कशाला मागता, असे कोणी विचारेल. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत शिंपी आहे पण भरतकाम नाही. बंगाली कुटुंबांपैकी अनेक नमःशूद्र समाजाची आहेत. हा समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्रात नाही, त्यामुळे त्या प्रवर्गाच्या योजनांचा त्यांना उपयोग नाही. तिबेटी भगिनींकडे नोंदणी प्रमाणपत्र आहे, नागरिकत्व नाही, आणि त्यांना बँकेच्या दारात प्रत्येक वेळी नव्याने ओळख पटवावी लागते. ज्यांना शक्य आहे त्यांचे हस्तकला कारागिरांचे ‘पहचान’ ओळखपत्राचे अर्ज आम्ही भरून दिले आहेत, कारण प्रदर्शनांत जागा मिळवताना त्याचा उपयोग होतो. यापलीकडचे काम अर्जांनी होण्यासारखे नाही.

आम्हाला एकूण १,८०,००० रुपयांची गरज आहे. त्यांपैकी १,१०,००० रुपये कापड, पक्क्या रंगाचा दोरा, लोकर आणि आगाऊ मजुरी यांसाठी फिरते भांडवल म्हणून राहतील. माल विकला की ती रक्कम पुन्हा त्याच खात्यात येईल आणि दुसऱ्या कोणत्याही खर्चाला वापरली जाणार नाही, असा ठराव आम्ही केला आहे. मोटर बसवलेले शिलाई यंत्र आणि कडा शिवण्याचे यंत्र यांना ३८,००० रुपये लागतील. आपल्याकडे वीज किती वेळ असते हे वेगळे सांगायला नको, म्हणून दिवे आणि बॅटरीसाठी १४,००० रुपये धरले आहेत. उरलेले १८,००० रुपये नागपूरला दोन वेळा माल घेऊन जाणे, राहणे आणि गाळ्याचे भाडे यांसाठी आहेत.

देणगी रोख, धनादेशाने किंवा थेट खात्यात देता येईल. खाते क्रमांक आम्ही मुद्दामच या आवाहनात छापलेला नाही, कारण खोट्या क्रमांकांचे प्रकार वाढले आहेत; ग्रामपंचायत कार्यालयाच्या आवारातील ग्रामसंघाच्या खोलीत तो पासबुकासह पाहायला मिळेल आणि प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल. ग्रामसंघाच्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही, हेही आधीच सांगतो. जमाखर्च दर तिमाहीला सूचना फलकावर लागेल.

ज्यांना पैसे देणे जमणार नाही त्यांनी अन्य मदत करावी. मालाचे चांगले फोटो काढून देणारा आणि हिशोबाची वही नीट लावून देणारा, असे दोघे मिळाले तरी आमचे मोठे काम होईल. पुण्या-मुंबईकडील मंडळींनी लग्नकार्यातल्या आहेरासाठी आधी मागणी नोंदवावी, पण निदान तीन महिने आधी; पंधरा दिवसांत ओढणी मागणाऱ्यांना आम्हाला नाइलाजाने नकार द्यावा लागतो.

आणि घरोघरी पडलेल्या जुन्या साड्या हव्या आहेत. साडी सुती असावी, धुतलेली असावी, नऊवारी असल्यास उत्तमच. फाटकी चालेल, कारण थरांमध्ये फाटका भाग आत जातो, आणि वापरून मऊ झालेल्या कापडातून सुईही हलकी जाते. नायलॉन आणि जॉर्जेट मात्र कृपया देऊ नये. रविवार सोडून रोज दुपारी १२ ते ४ या वेळेत गोदामाची खोली उघडी असते.

आपले नम्र,
अध्यक्षा, सचिव व सर्व सदस्या,
महिला ग्रामसंघ