डायरी तुझ्याकडं राहिली

बार्शी,
19 जानेवारी

चि. बाळू यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "नीट पोचलात ना आप्पा" एवढंच विचारलंस आणि मी "हो" म्हणून ठेवून दिला. फोनवर मला काही सुचत नाही. चाळीस वर्षं अडतीवर बसून लिहीतच आलो, तेवढंच जमतं. म्हणून हे पत्र.

पहिल्यांदा डायरीचं. ती मी तुमच्यावर पाळत ठेवायला लिहीत नव्हतो. रात्री दिवसाची रोजकीर्द मांडल्याशिवाय मला झोप लागत नाही, हे तुला माहीत आहे. दूध, रिक्षा, मनूची बिस्किटं. त्यात 'जेवण बाहेरचं' अशी नोंद हातानं आपसूक पडली. तुमच्याकडच्या पंधरा रात्रींत अकरा. आता खाली बेरीज करून दोनदा रेघ मारली, ती मात्र आपसूक नव्हती. ती चूक कबूल.

तू डायरी माझ्यापुढं ठेवलीस आणि म्हणालास, "आईच्या भाकरी मोजल्या होत्या का कधी?" सूनबाई उठून आत गेली. मी सकाळी चहा न घेता स्वारगेट गाठलं. टेंभुर्णीपर्यंत तुझा राग येत होता. कुर्डुवाडी सुटल्यावर तिकिटाच्या मागं आकडे मांडले. आजी, काका, तुम्ही दोघं, आम्ही दोघं. दोन्ही वेळच्या मिळून रोज अठरा भाकरी धरल्या तर वर्षाच्या 6,570. तुझ्या आईनं एकतीस वर्षं केल्या. त्यातून माहेरपण, बाळंतपणं, सणाच्या पोळ्या, आजी गेली, काका गेला, तुम्ही शिकायला बाहेर पडलात, हे सगळं वजा केलं तरी दीड लाखाच्या खाली काही येत नाही. त्यातली एकही मी थापली नव्हती. तेव्हा तुझी नोंद बरोबर आहे, माझ्या नावे मांडली.

पण म्हणूनच हे पत्र तुला आहे, सूनबाईला नाही. तिला दाखवायचं तर दाखव, तिच्यासाठी यात काम काही नाही.

साखरेबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. तुझा तो रिपोर्ट मी शोधत गेलो नव्हतो, टीव्हीच्या रिमोटखाली होता. 6.2. तीन महिन्यांची सरासरी 5.7 च्या आत हवी आणि 6.5 ला मधुमेह लिहितात, एवढं तुझ्या आईच्या पायी मला पाठ झालंय. असो. जेवणाचं बोलू.

मावशींनी काम सोडल्यापासून तुमचं काय होतं ते मी पंधरा दिवस पाहिलं. तू साडेसातला येतोस, सूनबाई आठला. मग दोघं फ्रीज उघडून उभे राहता. आत भाजी असते, पण चिरायची असते. मटकी असते, पण भिजवायची राहिलेली असते. मनू किरकिर करते. मग कुणीतरी फोन हातात घेतं आणि साडेनऊला पार्सल येतं, तोवर ती दूध पिऊन झोपलेली. यात आळस कुणाचाच नाही. तुम्ही ठरवायची वेळ चुकवता. आमचे शेठ लिलावाला कधी उपाशीपोटी उभे राहिले नाहीत, घरून जेवून येत. म्हणत, पोट रिकामं असलं की कुठलाही भाव बरा वाटतो.

संध्याकाळचं सकाळी ठरवायचं, एवढंच माझं सांगणं आहे. ही अक्कल माझी नाही, सोलापूरच्या खेपांनी शिकवली. आठवड्यातून दोनदा, सत्तर किलोमीटर जायचं, चार तास आई डायलिसिसच्या मशीनवर, परत यायला सात. उतरल्यावर तिला गादीवर टेकवायचं आणि तिच्या पोटात काहीतरी घालायचं. तेव्हा 'काय करू' म्हणून विचार करत बसायला वेळच नसायचा. त्यामुळं पहाटे निघायच्या आधी डाळ भिजत घातलेली, तांदूळ मोजून ठेवलेले, भाजी निवडून फडक्यात गुंडाळलेली असायची. आल्यावर फक्त गॅस पेटवायचा.

सुरुवातीला मला काय येत होतं? तूर दातांखाली धरली की तिची डाळ कशी उतरेल ते सांगायचो, पण तीच डाळ शिजवायला पाणी किती घालायचं ते माहीत नव्हतं. कुकर गळ्यापर्यंत भरला आणि शिट्टीतून वरण थेट छताला गेलं. ती पलंगावरून ओरडली, "निम्म्याच्या वर भरू नका हो, डाळ फुगते!" पुढं ती पडल्या पडल्या कानानंच स्वयंपाक करायची. मोहरी तडतडली, आता हिंग टाका. जिरं जळालं, काढा ते तेल. बाहेरच्या खोलीतून तिला कळायचं आणि कढईपुढं उभ्या मला कळायचं नाही. एकदा तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, कारण तिच्या लोखंडी तव्यावर मी साबण लावला होता.

तिची भाजी वेगळी. चिरून उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, त्यातलं पोटॅशियम जावं म्हणून. डाळ मोजून, मीठ चिमटीनं, पाणीसुद्धा पेल्यानं मोजून. डाळीच्या गावात जन्म गेला आणि शेवटी अर्धी वाटी वरण मोजून द्यावं लागलं. सुरुवातीला तिचाही आकडा एवढासाच होता रे. "बघू, सणानंतर बघू" असं आम्ही दोघं म्हणत राहिलो. मी जास्त म्हणालो.

बघ, साखरेबद्दल लिहायचं नाही म्हणालो होतो.

तर तुरीची डाळ. तुम्हा तिघांना एक वाटी डाळ दोन रात्री पुरते. सकाळी मनूचा डबा भरताना पाण्यात टाकून जा. संध्याकाळी खाली डाळ, वरच्या डब्यात भात, तीन शिट्ट्या आणि पाच मिनिटं बारीक गॅस. कपडे बदलून होईतो कुकर उतरतो. पहिल्या रात्री साधं वरण, लिंबू, वर तुपाचा थेंब. उरलेलं फ्रीजमध्ये. दुसऱ्या रात्री त्यालाच चिंच, गूळ नखाएवढा, काळा मसाला, की आमटी झाली. तिसऱ्या दिवशी चमचाभर उरलंच तर पीठ मळून त्यात वरणफळं सोड. मनूला शंकरपाळ्याचा आकार आवडेल, कातणं तिच्या हातात दे. थोडं सांडेल.

मटकीला दोन रात्री लागतात म्हणून ती सगळ्यांची राहून जाते. रविवारी रात्री भिजव, सोमवारी सकाळी निथळून फडक्यात बांध, मंगळवारी मोड. थंडीत मोड यायला वेळ लागतो, तेव्हा फडकं बंद डब्यात ठेवून डबा ओट्याच्या कोपऱ्यात सरकव. रविवारी दुपारी तू क्रिकेट बघतोस तेव्हा हात रिकामेच असतात. मेथी निवड, लसूण सोल, शेंगदाणे भाजून डबाभर कूट करून ठेव. पालेभाजी संध्याकाळी निवडायला बसलास की ती होणारच नाही, हे लिहून घे.

आणि ज्या दिवशी काहीच जमणार नाही त्या दिवशी पिठलं. एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, गुठळ्या मोडून घ्यायच्या, फोडणीत लसूण सढळ. दहा मिनिटं लागतात. पार्सलवाला रस्ता शोधत असतो तेवढ्यात होतं. त्या रात्री मी केलं होतं ना? मनूनं "पिवळी खीर" म्हणून दोनदा घेतली. तू काही बोलला नाहीस, पण पातेलं खरवडताना मी पाहिलं.

भाकरीचं पीठ महिन्याचं एकदम दळून आणू नका. तुमच्या डब्यातल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली आहे, म्हणून भाकरी तव्यात टाकताना तुटते आणि सूनबाई म्हणते मला जमत नाही. तिचा दोष नाही. पंधरा दिवसांपुरतं दळायचं आणि पाणी अगदी उकळतं घ्यायचं. मला पहिली गोल भाकरी साठ दिवसांनी जमली. तुला इतके लागणार नाहीत, तुझा हात आईचा आहे. आता ज्वारीला पण दिवस आलेत म्हणे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 साल साऱ्या जगानं भरडधान्याचं म्हणून पाळलं, आणि तुमच्या दुकानात अर्ध्या किलोच्या चकचकीत पिशवीत जो भाव लावलाय तो वाचून मी पिशवी परत ठेवली. पण ज्वारी म्हणजे औषध नव्हे. भाकरीनंसुद्धा साखर चढते, डॉक्टरांनी तिला दोनच सांगितल्या होत्या. तू परवा चार खाल्ल्यास. मोजल्या नाहीत, दिसल्या.

आणखी एक, तो भात. पार्सलमध्ये एकेका माणसाला दोघांचा भात येतो आणि तो टाकायचा नाही म्हणून तू साडेदहाला सगळा संपवतोस, मग लगेच आडवा होतोस. तुझं वय अडतीस. आईचे बाबा, मग आई आणि मी, अशा दोन पिढ्या झाल्या या घरात, तिसरी तुझी. फ्रीजच्या दारात सॉसच्या सहा बाटल्या आहेत, प्रत्येकीच्या मागं साखर लिहिली आहे, मी चष्मा लावून वाचली. कमवता चांगलं म्हणून काय रोज…

झालं, सुरू झालो. माफ कर. खोडणार होतो, पण खाडाखोड केलेलं पान मला चालत नाही.

खरं सांगू का, तुमच्या घरी मला जे बघायला मिळालं ते मी माझ्या घरात केलं नाही. सकाळी तू मनूची वेणी घालतोस. ताईच्या केसांना मी कधी हात लावला नाही, ती शाळेत कुठल्या तुकडीत आहे तेही आईला विचारायचो. सूनबाई रात्री मीटिंगमध्ये असते तेव्हा तू भांडी लावतोस आणि कुणाला सांगत नाहीस. मी एकदा, फक्त एकदा, आईला ताप होता म्हणून चहा केला होता, आणि तो अख्ख्या गल्लीला सांगितला होता. तिच्या माहेरच्यांनासुद्धा पत्रानं कळवला. ती हसायची त्यावरून.

रोज घरीच करा असं मी म्हणत नाही. आठवड्यात दोन रात्री बाहेरचं आलं तर माझी काही हरकत नाही, आणि हरकत असली तरी माझं घर इथं आहे. फक्त आठला तिघं एकत्र बसलात तर बरं. नंतर मनूला घेऊन खाली दोन चकरा मारा. ती तुला शाळेतलं सांगेल आणि तुझी जेवणानंतरची… चकरा होतील, एवढंच.

भोगीला इथं मी एकट्यानं लेकुरवाळी भाजी केली. वाटाणा, पावटा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, बोरं, वर तिळाचा कूट. बाजरीची भाकरी तीळ लावून. शेजारच्या काकूंना वाटी दिली. त्या म्हणाल्या, "वहिनींची चव आहे, पण मीठ जास्त आहे." मीठ मी आता जरा जास्तच घालतो. दोन वर्षं चिमटीनं घातलं, हात सुटला की सुटतोच.

शनिवारच्या रात्रीच्या गाडीनं पिशवी पाठवतो आहे, ड्रायव्हर ओळखीचा आहे, पहाटे स्वारगेटवरून घेऊन जा. पाच किलो शाळू आहे, तो थोडा थोडा दळ. शेंगाचटणी आहे, तिखट, मनूला दह्यात दे. आणि येसर आहे. गहू, हरभऱ्याची डाळ आणि धणे भाजून मसाल्यासकट दळलंय, आईच्या वहीतल्या मापानं. दोन चमचे पाण्यात कालवून फोडणीला टाकायचं आणि उकळी आणायची, तिघांची आमटी होते. मावशी नसल्या, डाळ भिजवायची विसरली, सगळं विसरलं तरी आमटी होते. डब्यात ओला चमचा घालू नका.

तिळगूळ पाठवत नाही. मनूला इथं आल्यावर देईन.

सूनबाईला सांग, मी तिच्यावर रागावून निघालो नव्हतो. तुझ्यावरही नाही. चहा घ्यायला हवा होता, तिनं ओट्यावर झाकून ठेवला होता ते मला दिसलं होतं.

तुझा,
आप्पा

ता. क. डायरी तुझ्याकडंच राहिली आहे. ते पान हवं तर फाड, पण त्याच्या पाठीमागं इथल्या विजेच्या मीटरचा ग्राहक क्रमांक आहे, तो आधी कळव. बिलाची तारीख 27. आणि मार्चमध्ये पुन्हा तपासणी आहे ना? बाकी काही लिहू नकोस, नुसता आकडा कळव.