‘फूट’ आणि ‘विघटन’ एक नव्हेत

महोदय,

आमदारांनी पक्ष बदलला की ‘फूट’, ‘विघटन’ आणि ‘विलीनीकरण’ हे तिन्ही शब्द गोव्यातील बातम्यांत एकाच अर्थाने वापरले जातात. हे मला खटकते.

‘फुटणे’ हे क्रियापद संस्कृत ‘स्फुट्’ धातूपासून, प्राकृतातल्या ‘फुट्टइ’ या रूपावाटे मराठीत आले. या धातूला तुकडे होण्याबरोबरच उघडणे, उमलणे, प्रकट होणे हेही अर्थ आहेत. त्यामुळे ‘स्फोट’ जसा त्याचा, तसाच ‘स्पष्ट’ या अर्थाचा ‘स्फुट’ही त्याचाच. मराठीने हे दोन्ही अंग जपले. मडके फुटते तसा कोंबही फुटतो, पूर्वेला तांबडे फुटते, दबलेल्या माणसाला वाचा फुटते. दोरी मात्र तुटते आणि कापड फाटते. खाडीकाठच्या सखल, बांध घातलेल्या खाजन शेतीत भरतीचे खारे पाणी भातात घुसले की शेतकरी ‘बांध फुटला’ असेच सांगतो, कारण एका जागी भगदाड पडलेले असते आणि उरलेला बांध उभा असतो.

‘विघटन’ निराळे. ‘घट्’ म्हणजे जुळणे, घडणे. ‘राज्यघटना’ हा शब्दही याच धातूचा. जुळलेले सारे सुटे झाले की विघटन होते, जसे ओल्या कचऱ्याचे होते आणि मूळ पदार्थ ओळखूही येत नाही. १४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला, तेव्हा ३ आमदार मूळ पक्षातच राहिले होते. ती फूट होती, विघटन नव्हे.

राहिले ‘विलीनीकरण’. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीत १९८५ पासून एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला संरक्षण होते. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ते काढून टाकले आणि दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणारे विलीनीकरण तेवढे मान्य राहिले. पक्ष सोडणारे आमदार हाच शब्द आग्रहाने वापरतात, कारण अपात्रतेपासून त्यांचा बचाव त्यावरच उभा असतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, या १९६७ च्या जनमत कौलात ज्या शब्दावर अख्खा गोवा ढवळून निघाला, तो इतक्या सहजपणे कोणाच्याही सोयीसाठी छापला जाऊ नये. तो संबंधितांचा दावा म्हणून अवतरणचिन्हांत द्यावा आणि मथळ्यात ‘फूट’ असेच लिहावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा