तापाच्या रुग्णाला नुसती साबुदाण्याची पेज नको

महोदय,

पावसाळा सरताना मराठवाड्यात डेंग्यू-चिकुनगुनियाचे रुग्ण वाढतात आणि अनेक घरांत त्यांना नुसत्या साबुदाण्याच्या पेजेवर ठेवले जाते. साबुदाण्यात प्रथिने नावालाच. तापात शरीर स्नायूंतली प्रथिने वापरते, म्हणून ताप उतरला तरी अशक्तपणा रेंगाळतो. भूक नसेल तर दर दोन तासांनी वाटीभर द्यावे: वरण घातलेला मऊ भात, ज्वारीच्या कण्या, ताकातली आंबील.

पाण्याकडे तर फार लक्ष हवे. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच विरघळवावे आणि २४ तासांत संपवावे. ग्लासात चमचाभर पूड टाकली की क्षारांचे प्रमाण बिघडते. ग्लुकोज पावडर हा त्याला पर्याय नाही. डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जास्त धोक्याचे. पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले की लगेच दवाखाना गाठावा.

पुढे दोन-तीन आठवडे प्रथिने वाढवावीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच. ऐपत नसताना डेंग्यूच्या रुग्णासाठी महागड्या किवी फळावर पैसे घालणारी कुटुंबे पाहून वाईट वाटते. तेच पैसे अंडी आणि डाळीवर खर्च करावेत.

– एक आहारतज्ज्ञ, परभणी